भुतांच्या डोंगरावर वाटीभर सार

मुलांनो, एका जंगलात एक बगळा राहत होता. जंगलच होतं, असं मी धरून चालतो. कदाचित ती तळ्याकाठची साधी राई असेल. माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. ती पूर्वी चांगली होती असं मला आठवतं, पण हेही तीच सांगते आहे. तिच्यात बिघाड कुठे झाला ते पुढे येईल.

तो बगळा म्हणजे मी. गोष्टीत हे आधी सांगायचं नसतं. पण पुढे त्याची फजिती होणार आहे, आणि ती दुसऱ्या कोणाच्या नावावर खपवणं बरं नाही.

मी फार शिकलो होतो. पाण्यात मासा जिथे दिसतो तिथे तो नसतो, हे मी सिद्ध केलं होतं. त्याबद्दल मला डॉक्टर ही पदवी मिळाली. तेव्हापासून मला मासा मिळेना. चोच उचलली की शंका येई. शंका फिटेपर्यंत मासा दिसतो तिथेही नसे आणि असतो तिथेही नसे.

घर चालायचं ते कुमुदिनीमुळे. कुमुदिनी म्हणजे माझी बायको. ती मासे आणी आणि मी तळ्यात एका पायावर उभा राहून विचार करी. लांबून बघणाऱ्यांना वाटे, बगळा ढोंग करतो आहे. जवळून मलाही तसंच वाटे.

कुमुदिनीला एक सवय होती. कोणाकडे गेलं आणि घरच्यांनी काही पुढे केलं, की ती म्हणे, "नको हो, आत्ताच घेतलं." तिने काहीही घेतलेलं नसे. मला हे खटके. शिकलेल्याला खोटं ऐकवत नाही, विशेषतः बायकोचं.

एकदा आम्ही पाणकोंबडीकडे गेलो. तिने खेकड्याचं कालवण आणलं.

"नको हो, आत्ताच घेऊन निघालो," कुमुदिनी म्हणाली.

मी म्हटलं, "वस्तुतः आमच्या दोघांच्या पोटात सकाळपासून काही नाही."

मग पाणकोंबडीला वाढावंच लागलं. मी सगळं संपवलं. घरी आल्यावर मी कुमुदिनीला विचारलं.

"अगं, खरं तेच सांगितलं ना मी?"

"तिची पिल्लं लव्हाळ्याआडून तुमच्या वाटीकडे बघत होती," ती म्हणाली. "तुम्हाला पाण्याखालचं सगळं दिसतं. पुढ्यातलं तेवढं दिसत नाही."

यावर विचार करायला मी एका पायावर उभा राहिलो. अजून झालेला नाही.

पुढे कुमुदिनी आजारी पडली. एकदा म्हणाली, "मी पुढे जाऊन थांबते. तुम्ही सावकाश या. घाई केलीत की तुम्ही पडता." त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गेली. मी त्या वेळी सारसवैद्यांकडे औषध आणायला गेलो होतो. शेजारची टिटवी तिच्यापाशी बसली होती.

तेव्हापासून मला एकच काळजी लागली. ती थांबते म्हणाली, पण कुठे? सगळ्यांची थांबायची जागा एकच असते, की चांगल्यांची एकीकडे आणि उरलेल्यांची दुसरीकडे? आणि मी पोचेन तोवर ती मला ओळखेल का? मी ग्रंथ पाहिले. ग्रंथांचं एकमत नव्हतं. तळटिपांचं तर अजिबात नव्हतं.

त्याच सुमारास आमच्याकडे एका कोल्ह्याने सहलींची कंपनी काढली. त्याचं नाव अविनाश. तो मला काका म्हणे. तसा तो सगळ्यांनाच म्हणे.

"काका, चीनमध्ये एक डोंगर आहे," अविनाश म्हणाला. "त्याच्यावर सगळी भुतांची देवळं. मेल्यावर जिवाचं काय काय होतं, ते पायथ्यापासून शिखरापर्यंत ओळीने दाखवलंय. जायचं तर सगळ्यांनाच आहे. आम्ही आधी नेतो आणि परत आणतो."

"पण आपल्या लोकांना तो डोंगर लागू आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे मेलेला जीव आपल्या जंगलातला असेल, तर त्यालाही तिथूनच जावं लागतं का?"

"मी चौकशी केलीय, काका. सगळ्यांना एकच. शिवाय नाश्त्याला पोहे."

चौकशी कोणाकडे केली, हे विचारायचं राहिलं. मी नाव नोंदवलं. जिथे ती थांबली असेल ती जागा आपण आधी बघून ठेवावी, एवढाच माझा हेतू होता. अनोळखी ठिकाणी मी फार चुकतो.

सहलीत माझ्या शेजारची जागा सगुणाबाईंना मिळाली. सगुणाबाई ही म्हैस होती. म्हणजे जागा मला मिळाली असं म्हणता येणार नाही.

"डॉक्टर ना तुम्ही?" त्यांनी बसल्या बसल्या विचारलं. "माझा हा गुडघा बघा जरा."

"मी तो डॉक्टर नव्हे."

"मग कसले?"

"पाण्यातल्या प्रतिबिंबाचा."

"मग गुडघ्याचं प्रतिबिंब बघा. औषध काय, तेच असेल."

मी विषय बदलला आणि त्यांना सहलीला येण्याचं कारण विचारलं.

"आमचे हे गेले ते भर उन्हाळ्यात गेले," सगुणाबाई म्हणाल्या. "अंगावर नुसता चिखल. तिकडे थंडी असते का, एवढं बघून यायचंय. एकदा कळलं म्हणजे डोक्याला ताप नाही."

मला बरं वाटलं. माझ्यापेक्षा विचित्र प्रश्न घेऊन कोणीतरी आलं होतं. मग वाटलं, तो तितका विचित्र नाही. मग माझा प्रश्न मला फार विचित्र वाटू लागला. असा प्रवास झाला.

डोंगराखालून मोठी गढूळ नदी वाहत होती. पायथ्याशी आम्हाला लिनबाई भेटल्या. त्या बदक होत्या. हातात, म्हणजे पंखात, पिवळा झेंडा आणि गळ्यात भोंगा. आमची भाषा त्या पुस्तकातून शिकल्या होत्या, त्यामुळे माझ्यासारखं बोलत.

"हा नाइलाजाचा पूल," लिनबाई म्हणाल्या. "प्रत्येक मृत जिवास हा ओलांडावा लागतो. ओलांडताना मागे वळून पाहू नये."

सगळे निघाले. मी थबकलो. बगळ्याची मान बसल्या जागीच मागे वळलेली असते. ती सरळ केली तर मी फार पुढे बघतो. मी लिनबाईंना ही अडचण समजावून सांगितली. मागे रांग खोळंबली.

"काका, तुम्ही डोळे मिटा," अविनाश म्हणाला.

मी डोळे मिटून पूल ओलांडला. शेवटच्या पायरीवर सगुणाबाईंवर आपटलो. त्यांना ते कळलं नाही.

पुलापलीकडे एक मोठं दालन होतं. आत मातीचे रंगवलेले राक्षस होते. त्यांच्या हातांत चिमटे होते, आणि चिमट्यांत पापी जिवांच्या जिभा होत्या. जिभा चांगल्या लांब ओढलेल्या होत्या. सहलीतली मंडळी त्यांच्याजवळ उभी राहून फोटो काढून घेत होती.

"रंग ताजा दिसतो," सगुणाबाई म्हणाल्या.

"इथे खोटे बोलणाऱ्यांस शिक्षा होते," लिनबाईंनी भोंग्यातून सांगितलं.

मुलांनो, मी दोन पावलं मागे सरलो. आयुष्यभर मला वाटत आलं होतं की अडकेन तर मी अडकेन. कुमुदिनीची मला काळजीच नव्हती. आणि आता तिचं ते प्रत्येक घरी म्हटलेलं "आत्ताच घेतलं" मला ऐकू येऊ लागलं. पाणकोंबडीकडचं. टिटवीकडचं. माझ्या बहिणीकडचं तर दर सणाला. मी मातीच्या एकेका चेहऱ्याकडे पाहत गेलो. एकही बगळी नव्हती, पण दालन मोठं होतं.

मी लिनबाईंना बाजूला घेतलं.

"एक शंका आहे," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या घरी गेल्यावर पोटात भूक असताना 'आत्ताच घेतलं' म्हटलं, तर ते या दालनात धरतात का?"

लिनबाईंनी भोंगा बंद केला. भोंग्याशिवाय त्या थोड्या वेगळ्या वाटल्या, कोणाच्या तरी मावशीसारख्या.

"आमच्याकडे भेटल्यावर पहिलं हेच विचारतात," त्या म्हणाल्या. "जेवलात का? आणि समोरचा जेवलो म्हणतो. जेवलेला असो नसो."

"मग त्या सगळ्यांच्या जिभा?"

"सर, इतके चिमटे कुठून आणणार?"

मला इतकं हलकं वाटलं की मीही एका राक्षसाजवळ फोटो काढून घेतला. फोटोत आमच्या दोघांत घाबरलेला मीच दिसतो.

पण हलकं वाटणं माझ्याकडे फार टिकत नाही. कुमुदिनी सुटली, म्हणजे ती चांगल्यांच्या जागी गेली. म्हणजे आता तिथवर पोचायची जबाबदारी पुन्हा माझ्यावर आली. आणि पुढच्याच वळणावर मोठ्या देवळासमोर एक गोल दगड होता.

"ही अखेरची परीक्षा," लिनबाई म्हणाल्या. भोंगा पुन्हा सुरू झाला होता. "या दगडावर एका पायावर उभे राहावे. जो पुण्यवान असतो, तो स्थिर राहतो. पापी पडतो."

सगळी सहल माझ्याकडे वळली.

"वा, काका," अविनाश म्हणाला. "तुमचा तर पेपर फुटला."

"आम्हाला वशिला लागेल," सगुणाबाई म्हणाल्या. "यांचं घरचंच काम."

जन्मभर ज्या गोष्टीसाठी लोकांनी मला ढोंगी म्हटलं, ती इथे पुण्याची खूण होती. मी दगडावर चढलो. एवढ्यात लिनबाई म्हणाल्या, "पुरुषांनी डावा पाय टेकवावा."

डावा.

मी नेहमी कोणत्या पायावर उभा राहतो, हे मला माहीत नव्हतं. मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण उभा राहिलो की मी विचार करत असे. एकदा कुमुदिनीला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "तुम्ही उभे असता तेव्हा मी मासे बघते." आता प्रश्न असा, की मी डावा पाय टेकवला आणि तो माझा नेहमीचा नसला, तर पडेन. नेहमीचा टेकवला आणि तो उजवा निघाला, तर टिकेन, पण नियम मोडून. नियम मोडून मिळवलेलं पुण्य हे पुण्य धरतात का? मी खाली पायांकडे पाहिलं. दोन्ही अगदी सारखे होते.

मी पडलो. दोन्ही पाय वर झाले, एवढं मला आठवतं. आणि आमच्या मागून आलेल्या दुसऱ्या सहलीने टाळ्या वाजवल्या.

"बगळा पडला," मागे कोणीतरी म्हणालं. "आपलं काय होणार?"

सगुणाबाईंनी मला उठवलं आणि स्वतः त्या दगडाला वळसा घालून पुढे निघाल्या.

"आपण उभे राहणार नाही?" लिनबाईंनी विचारलं.

"जे काही पुण्य केलं ते चार पायांवर केलं," सगुणाबाई म्हणाल्या. "आता एकावर कशाला दाखवत बसू?"

मला ते पटलं. पण मी आधीच पडलो होतो. पडल्यावर पटण्याचा उपयोग नसतो. वर जाणाऱ्या पायऱ्या मी हिशेब करत चढलो. ती पलीकडे थांबली आहे. मला दगडावरून परत पाठवणार. ती वाट पाहत राहणार. मी येणार नाही, हे तिला कोण सांगेल? मी कोणापाशी निरोप ठेवू? मला घाम येत होता. बगळ्यांना घाम येत नाही, हे मला माहीत आहे. तरी येत होता.

शिखराजवळ एक छोटं देऊळ होतं. आत एका म्हातारीची मूर्ती होती, हातात वाटी घेतलेली. देवळाबाहेर चुलीवर मोठं भांडं उकळत होतं. भांड्यापाशी एक म्हातारी कासवीण तशाच वेशात बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला लहान वाटीतून काहीतरी देत होती.

"ही आजी," लिनबाईंनी सांगितलं. "मृत जीव सर्वांत शेवटी हिच्यापाशी येतो. आजी त्याला सार पाजते. ते प्यायल्यावर मागच्या जन्मातलं सगळं विसरतो. घर, माणसं, नावं. मग पुढे जायला मोकळा."

मी उभा होतो तिथेच राहिलो.

"सगळ्यांना प्यावं लागतं?"

"सगळ्यांना."

"चांगल्यांनाही?"

"आजी तसं बघत नाही."

म्हणजे दगडाचा प्रश्नच नव्हता, मुलांनो. मी टिकलो काय आणि पडलो काय. कुमुदिनी पलीकडे असेल, पण माझी वाट पाहत नसेल. आपण कोणाची तरी वाट पाहतो आहोत, हेच तिला ठाऊक नसेल. मी जाऊन समोर उभा राहीन आणि ती मासे बघेल.

तेवढ्यात माझी पाळी आली. कासविणीने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

"विचारते, काही घेतलंत का?" लिनबाई म्हणाल्या. "आजी प्रत्येक जिवाला हेच विचारते. तो इतक्या लांबून दमून आलेला असतो, नाही म्हणतो. मग ती वाटी देते."

सकाळी काळजीमुळे मला पोहे गेले नव्हते.

"वस्तुतः नाही," मी म्हटलं.

माझ्या पंखात वाटी आली. सार कोमट होतं. त्याला आल्याचा वास होता. मला नको होतं. पण कोणी आपुलकीने पुढे केलेलं नको कसं म्हणायचं, ते मला येत नाही. मी प्यायलो. शेवटचा घोट गिळताना लक्षात आलं की मी काय पितो आहे.

माझ्यामागे सगुणाबाई होत्या. कासविणीने त्यांनाही तेच विचारलं. लिनबाई भाषांतर करायच्या आत सगुणाबाईंनी हसून मान हलवली.

"नको हो आजी, आत्ताच घेतलं."

कासविणीला शब्द कळले नसतील. तरी तिने मान डोलावली, वाटी मागे घेतली आणि पुढच्याला बोलावलं. जबरदस्ती नाही, काही नाही.

"लिनबाई," मी म्हटलं. "खऱ्या आजीला असं कोणी म्हणालं तर? जेवलो म्हणून?"

लिनबाई विचारात पडल्या. "तसं ऐकलेलं नाही. मेल्यावर कोण म्हणेल?"

कोण म्हणेल, ते मला माहीत होतं. मला ती स्पष्ट दिसली. एवढा प्रवास करून आलेली, पंख आवरून अंग चोरून उभी. भांड्यात किती उरलंय आणि मागे किती जण आहेत, ते एका नजरेत बघणारी. आजी वाटी पुढे करते आहे. आणि या वेळी शेजारी "वस्तुतः" म्हणणारा कोणी नाही.

"काय झालं हो?" सगुणाबाईंनी विचारलं. "डोळ्यांत पाणी का?"

"आलं तिखट होतं," मी म्हटलं. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं चांगलं खोटं असावं.

पण मग परतीच्या बसमध्ये मला नवीन काळजी लागली. ती विसरणार नाही, पण मी तर प्यायलो. मी ही काळजी सगुणाबाईंना सांगितली. सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

"बायकोचं नाव काय?" सगुणाबाईंनी विचारलं.

"कुमुदिनी."

"आहे की मग. आता बस थांबेल तिथे तिथे विचारते."

बस बऱ्याच ठिकाणी थांबली. त्यांनी प्रत्येक ठिकाणी विचारलं. शेवटी अविनाशही विचारू लागला. आमच्या जंगलात उतरलो तेव्हा सगळ्या सहलीला माझ्या बायकोचं नाव पाठ झालं होतं. डोंगरावर थंडी नव्हती, हेही सगुणाबाईंनी सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर मी बरंच विसरलो. चष्मा कुठे ठेवला ते. प्रबंधाचा निष्कर्ष. ते जंगल होतं की राई. याला सार कारणीभूत की वय, हे मला ठरवता आलेलं नाही. दोन्हींच्या बाजूने पुरावा आहे. दगडावरून पडलो ते मात्र विसरलो नाही, पण त्याचं आता वाईट वाटत नाही. मी पडणार, हे तिला आधीच माहीत होतं. सावकाश या म्हणाली होती.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. ते परीक्षेपुरतं लिहावं. कोणी वाटी पुढे करून काही घेतलंत का विचारलं, तर भूक लागलेली असली तरी "आत्ताच घेतलं" म्हणावं. मी रोज सराव करतो. अजून जमत नाही, कारण वाटीत काय आहे ते आधी बघायचा मोह होतो.

हे तात्पर्य अंदाजाने काढलेलं आहे, असं समजू नका. पुराव्याशिवाय मी काही सांगत नाही. बऱ्याच वर्षांनी मी धीर करून टिटवीकडे गेलो. तोवर विचारायची मला भीती वाटत होती. मी विचारलं, "त्या दिवशी मी औषधाला गेलो होतो तेव्हा कुमुदिनी शेवटचं काही बोलली का?"

"बोलली असं नाही म्हणता येणार, भाऊजी," टिटवी म्हणाली. "भ्रमातच होती. अन्नपाणी कधीच सुटलं होतं. चोच सुकली होती म्हणून मी पाण्याचा थेंब घालायला गेले, तर डोळे न उघडताच म्हणाली, 'नको हो, आत्ताच घेतलं.'"